शनिवारचे दोन तास आणि कायद्याचे साठ दिवस

पोटगीसाठी न्यायालयाची पायरी चढणाऱ्या स्त्रीला आता एक लांबलचक प्रतिज्ञापत्र भरून द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये 'रजनेश विरुद्ध नेहा' या प्रकरणात दिलेल्या निर्णयाने ते देशभर आवश्यक झाले. दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि महिन्याचा खर्च शपथेवर सांगावा, म्हणजे पोटगीचा आकडा अंदाजाने न ठरता हिशेबाने ठरेल, असा त्यामागील हेतू आहे. हेतू उत्तमच आहे. प्रश्न इतकाच, की अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडलेली, हातात बँकेचे पुस्तकसुद्धा नसलेली बाई ते भरणार कसे?

आमच्या गावात घरातील छळाने त्रासलेल्या स्त्रियांना मदत करणारी एक लहानशी संस्था आहे. भाड्याच्या दोन खोल्या, एक कपाट, चार खुर्च्या आणि एक दूरध्वनी एवढाच तिचा संसार. गेली चार वर्षे दर शनिवारी दुपारी दोन तास मी तेथे ही प्रतिज्ञापत्रे भरून देतो. पुरुष असल्याने स्त्रियांशी मोकळेपणाने बोलण्याचे काम माझ्याकडे नाही, आणि नाही हे योग्यच आहे. "तुम्ही अर्थशास्त्र शिकवता ना, मग आमचे कागद सांभाळा," असे संस्थेच्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते. महाविद्यालयातील सहकारी याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात. त्यांच्याशी वाद घालण्याचा हा लेख नाही. मात्र या कागदांतून जे दिसले ते अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला क्रमिक पुस्तकांतून सहसा दिसत नाही, म्हणून ते मांडावेसे वाटते.

प्रतिज्ञापत्रात पतीच्या उत्पन्नाविषयी पत्नीला असलेली माहिती विचारलेली असते. तो रकाना बहुधा कोराच राहतो. एका बाईंना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "पगार किती, ते मला कधी कळलं नाही, सर. पगाराच्या दिवशी घरी काय होतं, तेवढं सांगते." लग्नाला तेव्हा चौदा वर्षे झाली होती. त्या घरातील स्वयंपाक, पाणी, मुले, सासूचे आजारपण सर्व त्यांच्या हातांवर चालले होते. आणि त्या घराची मिळकत किती, हे त्यांना ठाऊक नव्हते. स्वतःच्या उत्पन्नाच्या रकान्यात 'निरंक' लिहावे लागते. ते लिहिताना माझा हात दर वेळी थोडा अडखळतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. जवळजवळ पाच तासांच्या दैनंदिन श्रमाला न्यायालयीन कागदावर 'निरंक' हाच शब्द आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी गृहव्यवस्थापिकेशीच लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे पिगू या अर्थशास्त्रज्ञाचे उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि मुले हसतात. शनिवारी त्या उदाहरणावर हसू येत नाही.

मार नव्हे, छप्पर

'एवढा मार खाऊन बाई तेथे राहते तरी कशी,' हा प्रश्न सुशिक्षित घरांतून हमखास विचारला जातो. त्यात सहानुभूतीपेक्षा अज्ञान अधिक असते. निघून जावे कोठे, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार पोचत नाही. खोली भाड्याने घ्यायची तर अनामत रक्कम लागते. शिवाय 'एकट्या बाईला' जागा देण्यास घरमालक कचरतो. रेशनकार्डावर नाव सासरी. आधारकार्डावरचा पत्ता सासरचा. बँकेत खाते असलेच, तर त्याला जोडलेला भ्रमणध्वनी पतीचा. दागिने सासूच्या कपाटात. मुलाच्या शाळेचा दाखला मिळवायचा तर 'वडिलांना घेऊन या' असे उत्तर. आणि माहेरी भावाचा संसार दोन खोल्यांचा. मारहाणीच्या जखमा आठवड्याभरात भरतात. या सात-आठ गाठी सोडवायला वर्षे जातात.

या संदर्भात बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळातील तिरुअनंतपुरम जिल्ह्यात केलेला आणि २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक लोकप्रतिनिधीने वाचावा असा आहे. सुमारे पाचशे विवाहित स्त्रियांच्या या पाहणीत असे आढळले, की ज्यांच्या नावावर ना जमीन होती ना घर, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक हिंसा सोसली होती. केवळ जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, केवळ घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होते. केरळ म्हणजे साक्षरतेत अग्रेसर प्रांत. म्हणून साक्षरतेने हा प्रश्न आपोआप सुटेल, या भाबड्या समजुतीलाही या आकड्यांनी तडा जातो. घर नावावर असलेल्या स्त्रीला ते दर वेळी सोडूनच जावे लागते असे नाही. जाण्याजोगी जागा तिला आहे, एवढे नवऱ्याला माहीत असले तरी पुष्कळ फरक पडतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट अगदी अपरिचित होती असे नव्हे. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली तेव्हा टाकलेल्या बाईच्या दुःखाबरोबर तिच्या निवाऱ्याचा, रेशनकार्डाचा आणि पोटगीचा प्रश्नही चर्चेला आला होता. शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन शेतकऱ्यांना पत्नीच्या नावावर जमीन करून देण्यास सांगितले होते. आज सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव किती ठिकाणी दिसते, याचे उत्तर ज्याने त्याने आपापल्या घरचा उतारा काढून पाहावे. प्राध्यापकांनी सदनिकेचे कागद काढून पाहण्यासही हरकत नाही.

कायदा आहे, माणसे कोठे आहेत?

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा संसदेने २००५ साली केला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. आपल्या देशातील चांगल्या कायद्यांत त्याची गणना करावी लागेल. त्यापूर्वी १९८३ साली भारतीय दंडविधानात आलेले ४९८-अ हे कलम (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेत त्याची जागा ८५ आणि ८६ या कलमांनी घेतली आहे) नवऱ्याला तुरुंगात घालण्याची वाट दाखवीत होते. बहुसंख्य स्त्रियांना ती वाट नको होती. त्यांना मार थांबायला हवा होता, राहते घर हवे होते आणि मुलांपुरते पैसे हवे होते. २००५ च्या कायद्याने नेमके हेच ओळखले. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक छळाबरोबर आर्थिक छळालाही त्याने हिंसा म्हटले. घर नावावर नसले तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निर्णयाने हा हक्क आकुंचित केला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाने आपली ती चूक सुधारली आणि सासऱ्याच्या मालकीच्या घरातही सुनेला या हक्काची दाद मागता येईल, असे स्पष्ट केले.

या कायद्यात म्हटले आहे की अर्ज आल्यापासून साधारणतः तीन दिवसांत पहिली सुनावणी व्हावी आणि तेथून साठ दिवसांत तो निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. हे साठ दिवस मी कागदावर अनेकदा वाचले आहेत. आमच्या कपाटातील फायलींत मात्र ते अद्याप माझ्या पाहण्यात आलेले नाहीत. वर्ष उलटलेल्या फायलींचा गठ्ठा सर्वांत जाड आहे. नोटीस बजावली जात नाही, समोरचा वकील मुदत मागतो, न्यायाधीशांची बदली होते. दर तारखेला बाईची मजुरी बुडते आणि बसभाडे जाते. दिरंगाईची किंमत दोन्ही पक्षांना सारखी पडत नाही, हा अर्थशास्त्रातील साधा सिद्धांत येथे उघड्या डोळ्यांनी दिसतो. ज्याला थांबणे परवडते तो थांबतो, आणि जिला परवडत नाही ती शेवटी मिळेल त्या रकमेवर सही करते.

या कायद्याचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी. तक्रार नोंदवून कौटुंबिक घटनेचा अहवाल तयार करणे, तो दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवणे, बाईला निवारा व वैद्यकीय मदत मिळवून देणे, आदेशाची अंमलबजावणी पाहणे ही सर्व कामे त्याच्याकडे आहेत. परंतु अनेक ठिकाणी हे पद म्हणजे आधीच दहा योजनांच्या ओझ्याखाली वाकलेल्या अधिकाऱ्याकडे दिलेला अतिरिक्त कार्यभार असतो. कायदा अमलात येऊन अठरा वर्षे लोटल्यावर, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना सांगावे लागले की जिल्हा व तालुका पातळीवर ज्यांनी असे अधिकारी नेमलेले नाहीत त्यांनी सहा आठवड्यांत नेमावेत. कायद्याची अंमलबजावणी करणारा माणूस नेमा, हे सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची गरज पडावी, यापेक्षा बोलका शेरा दुसरा कोणता?

मग आजवर हे काम केले कोणी? कायद्याच्या दहाव्या कलमात त्याचे उत्तर आहे. नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना 'सेवा पुरविणाऱ्या संस्था' म्हणून मान्यता देऊन त्यांनाही घटनेचा अहवाल लिहिता येईल, अशी तरतूद त्यात आहे. तरतूद वाईट नाही. पण व्यवहारात घडले असे, की जी जागा पगारी अधिकाऱ्याने भरायची ती गावोगावच्या बिनपगारी, नाही तर अर्धपगारी बायकांनी भरून काढली. निवृत्त शिक्षिका, परिचारिका, घरचे आवरून दुपारी येणाऱ्या गृहिणी आणि स्वतः कधीकाळी याच दाराशी रडत आलेल्या, आता दुसरीचे डोळे पुसणाऱ्या स्त्रिया. शासनाच्या अंदाजपत्रकात यांच्या तासांची नोंद कोठेही नाही. घरातील स्त्रीच्या श्रमाला प्रतिज्ञापत्रात 'निरंक' म्हणणारी व्यवस्था, तिला सोडवणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही तोच शब्द वापरते. अनुदान शासन संस्थांना देते असा आपला समज आहे. वस्तुतः कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रश्नात गेली कित्येक वर्षे संस्थाच शासनाला अनुदान देत आहेत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: पैसा आला की सेवाभाव जातो. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश विचारवंताने १९७० साली रक्तदानासंबंधीच्या आपल्या ग्रंथात असेच काहीसे म्हटले होते. विकत घेतलेल्या रक्तापेक्षा स्वेच्छेने दिलेले रक्त समाजाला अधिक लाभते, असे त्याचे प्रतिपादन होते आणि ते पुष्कळ अंशी पटण्यासारखे आहे. परंतु रक्तदात्याला पंधरा-वीस मिनिटे पलंगावर पडावे लागते. आमच्याकडे आलेल्या बाईला दोन-तीन वर्षे तोच माणूस सोबत लागतो. स्वयंसेविकेच्या मुलीची दहावी आली, तिच्या पतीची बदली झाली, की ती येईनाशी होते. आणि मग आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून, तिसऱ्या-चौथ्या माणसापुढे सांगण्याची पाळी त्या बाईवर येते. एकदा एक बाई हे ऐकून नुसत्या उठल्या आणि निघून गेल्या. त्या परत आल्या नाहीत. सेवाभावाची उणीव तेथे नव्हती. कायम माणसाची होती.

हे ओळखून काही कामे महाराष्ट्रात झाली आहेत, आणि ती अभिमानाने सांगण्याजोगी आहेत. एका तरुण विवाहितेच्या मृत्यूने हादरलेल्या पुण्यात १९८२ साली नारी समता मंच उभा राहिला. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला; प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या छपराखाली, परंतु पोलिसांच्या हुकमाबाहेर बसेल, अशी ती कल्पना होती. पुढे राज्य शासनाने ती आपली मानून जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले. 'जिन्यावरून पडले' असे सांगणाऱ्या बाईची विचारपूस जखम बांधतानाच व्हावी, म्हणून ते रुग्णालयात. या सर्वांमागील तत्त्व एकच: स्वयंसेवी संस्थेने वाट दाखवावी आणि मळलेली वाट शासनाने आपल्या खर्चाने चालवावी. २०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' केंद्रे उघडली आणि १८१ हा मदतीचा क्रमांकही आला. पण इमारत व फलक एका झटक्यात उभे राहतात. कंत्राटी नेमणुकीवरचा, मानधनाची वाट पाहणारा कर्मचारी तेथे किती काळ टिकेल, ही काळजी कोणी करायची?

आणखी एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. संस्थांचे व कक्षांचे वार्षिक अहवाल चाळले तर 'समेट' या रकान्यातील आकडा सर्वांत अभिमानाने छापलेला आढळतो. इतके संसार पुन्हा जुळले. टाळ्या! आपल्या भाषेत 'नांदणे' हा फार सुंदर शब्द आहे, पण 'नांदायला पाठवणे' या प्रयोगात तो किती निर्दय होतो! पाठवलेली बाई नांदली की नाही, हे सहा महिन्यांनी जाऊन पाहणारा रकाना अहवालात क्वचितच असतो. जे मोजले जाते तेच कार्यकर्त्याकडून आपसूक घडवले जाते, हा अनुभव शाळांच्या निकालांपासून कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांपर्यंत आपण घेतलेला आहे. समेटाला माझा विरोध नाही. पुष्कळ स्त्रियांना तोच हवा असतो, आणि तो मागण्याचा त्यांना हक्क आहे. समुपदेशनाच्या वेळी पतीला मारहाणीचे समर्थन करू देऊ नये, असे या कायद्याच्या नियमांत आहे. तो नियम पाळून झालेला समेट वेगळा, आणि 'दोन्ही हातांनी टाळी वाजते' असे बाईलाच ऐकवून झालेला समेट वेगळा. आमच्याकडेही पूर्वी दुसऱ्या प्रकारचे समेट झाले आहेत, हे कबूल केले पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २०२१ या काळात देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा कधी ना कधी सोसली होती. त्याच पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितल्याचे आढळले. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नव्हती आणि कोणापाशी वाच्यताही केली नव्हती. मदत मागणाऱ्याही सर्वाधिक वळल्या त्या माहेरच्या माणसांकडेच. पोलीस, वकील, संस्था यांचा क्रम फार खाली लागतो. म्हणजे आमच्या दोन खोल्यांत येते ती दहातील एकसुद्धा नव्हे. उद्या याच्या दुप्पट जणी बोलू लागल्या, तर आजची सारी व्यवस्था, पगारी आणि बिनपगारी, आठवड्याभरात कोलमडेल.

मग बाहेरच्या माणसाने या कामात पडावे की नाही? अवश्य पडावे, पण कशासाठी, हे जाणून. पीडित स्त्रीशी बोलणे हे शिकून करण्याचे काम आहे; उत्साही विद्यार्थ्यांनी सुटीतील उपक्रम म्हणून त्यात उडी घेऊ नये, आणि कोणाची कहाणी ऐकली ती वसतिगृहात सांगू नये. परंतु ज्याला जो व्यवसाय येतो त्यातील दोन तास फार मोलाचे असतात. बँकेतील कारकुनाला ठाऊक असते की खात्याला जोडलेला क्रमांक बदलायला कोणता अर्ज लागतो. 'लाडकी बहीण'चे पैसे नावाच्या खात्यात जमा होऊनही कार्ड नवऱ्याच्या खिशात, अशा स्त्रीला हे सांगणारा माणूस देवासारखा वाटतो. लेखा विभागातील माणसाला पगारपत्रक वाचता येते: मूळ वेतन किती, कर्जाचा हप्ता खरा की पोटगी टाळण्यासाठी नुकताच काढलेला, हे तो एका दृष्टिक्षेपात सांगतो. आणि शिक्षकांच्या हातात तर फार मोठी गोष्ट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार, आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून मुलाचा प्रवेश अडवता वा लांबवता येत नाही. असे असूनही 'दाखला आणा, मग बघू' हे उत्तर आमच्या कानांवर दर जूनमध्ये येते. मुलाचे वर्ष बुडेल या एका भीतीने बाई परत सासरी गेल्याची उदाहरणे आहेत.

चौदा वर्षे पगार न कळलेल्या ज्या बाईंचा उल्लेख वर केला, त्यांच्या बाबतीत असेच झाले असते. एका प्राथमिक शाळेतील मुख्याध्यापिकेने कायद्याचे ते कलम स्वतःहून काढून दाखवले आणि त्याच दिवशी हजेरीपटावर मुलाचे नाव घातले. दाखला पाच महिन्यांनी आला. पतीच्या उत्पन्नाचा रकाना आम्ही शेवटी पगारपत्रक मागवण्याचा अर्ज करून भरला. मुलगा आता सहावीत आहे. बाई एका खाणावळीत पोळ्या लाटतात. पोटगीच्या अर्जावर पुढची तारीख पडली आहे.